वाचून सही करणारी

प्रांत कचेरीच्या कुंपणाला खेटून पत्र्याच्या सात टपऱ्या आहेत. त्यांतली तिसरी विष्णुपंत टेंबे यांची. पाटीवर ‘टंकलेखक व अर्जनवीस’ अशी अक्षरे आहेत. त्यांचा रंग उडाला असला, तरी ती वाचण्याची गरज गावात कोणालाच पडत नाही. आत एक टेबल, त्यावर संगणक आणि प्रिंटर, कोपऱ्यात मेणकापडाखाली झाकून ठेवलेला जुना टाइपरायटर, भिंतीवर गणपतीची चौकट आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. या स्टुलाचा एक पाय किंचित आखूड आहे. विष्णुपंतांनी तो कधी दुरुस्त करून घेतला नाही. डुगडुगणाऱ्या स्टुलावर माणूस कसा बसतो यावरून त्याची निम्मी कुंडली समजते, असे ते म्हणत.

साताऱ्याहून सांगलीकडे जाताना कृष्णेच्या काठावर लागणारे हे नगरपालिकेचे गाव. विष्णुपंत मूळचे साताऱ्याचे. टंकलेखन तिथेच शिकले, आणि सांगलीच्या विनोदिनीबाईंशी लग्न झाल्यावर, ना इकडचे ना तिकडचे म्हणून, मधल्या या गावात येऊन स्थिरावले. त्याला आता अडतीस वर्षे झाली. या काळात त्यांनी वारसनोंदी लिहिल्या, जातीचे दाखले मागितले, भावाभावांची वाटणीपत्रे केली, नवरा-बायकोंच्या काडीमोडाचे कागद केले. आणि दर पाच वर्षांनी निवडणुकीला उभे राहणाऱ्या गावातल्या जवळजवळ प्रत्येकाचा अर्ज भरला. पक्ष कोणताही असो, अर्ज पंतांकडचा. त्याचे कारण साधे होते. पंतांच्या हातचा एकही अर्ज छाननीत बाद झालेला नव्हता.

याचे श्रेय ते एका नियमाला देत. जागा कोरी सोडायची नाही. शपथपत्रात विचारलेली गोष्ट तुमच्याकडे नसेल, तर तिथे ‘निरंक’ लिहायचे. लागू नसेल, तर ‘लागू नाही’ असे लिहायचे. “कोरी जागा म्हणजे कडी न लावलेलं दार,” असे ते समोरच्याला बजावत. “चोर येईलच असं नाही. पण आला, तर दोष दाराचा नसतो.”

नियम एक, तशी रीतही एक होती, आणि ती त्यांच्या साताऱ्याच्या गुरुजींकडून आलेली. अर्ज दाखल झाला की कचेरीतून मिळालेली पोच वाचायची नाही. ती दुमडून गणपतीच्या चौकटीमागे सरकवायची आणि छाननी आटोपेपर्यंत तिकडे पाहायचे नाही. दिलेल्या अर्जाकडे वळून पाहिले की त्याला दृष्ट लागते, असे गुरुजी म्हणत. विष्णुपंत स्वतःला बुद्धिवादी समजत. पण अडतीस वर्षांत त्यांनी ही रीत मोडली नव्हती, आणि उमेदवारांनाही ती पाठ झाली होती. निवडणुकीच्या दिवसांत त्या गणपतीच्या पाठीशी सगळे पक्ष एकत्र नांदत.

माणसाची लायकी जोखण्याची त्यांची कसोटी मात्र स्वतःची होती. शपथपत्र छापून झाले की ते उमेदवारापुढे ठेवीत आणि गप्प बसत. आता हा माणूस वाचतो की थेट सही करतो? अडतीस वर्षांत पूर्ण वाचून सही करणारे चार जण निघाले होते. त्यांतला एक निवृत्त सुभेदार अकरा मतांनी पडला. दुसऱ्याने वाचले, ते पतपेढीचा कागद समजून.

टपरीत सकाळी येऊन बसणारे देवदत्त मास्तर या कसोटीची थट्टा करीत. मास्तर निवृत्त होते. हयातभर त्यांनी शाळेत नागरिकशास्त्र शिकवले. दर निवडणुकीला ते आखीव कागदावर उमेदवारांचा तक्ता करीत. शिक्षणाला तीस गुण, अनुभवाला तीस, चारित्र्याला वीस, गावाच्या माहितीला वीस.

“तुमचं हे वाचून-सही प्रकरण अवैज्ञानिक आहे, पंत,” मास्तर म्हणत. “सही न वाचता करणारा माणूस वाईट नगराध्यक्ष होईल, हे कशावरून?”

“कशावरूनही नाही. पण उद्या टेंडरवर सही करायची वेळ आली, तर तो वाचील का, एवढंच मी पाहतो.”

“मग शंभरपैकी गुण किती?”

“माझ्याकडे गुण नाहीत. पास किंवा नापास.”

यंदाच्या नोव्हेंबरात नगराध्यक्षपदाची निवडणूक लागली. पद खुले होते आणि निवड थेट जनतेतून व्हायची होती. पहिला उमेदवार वीरधवल. दूध संघ, शाळा, दोन पेट्रोल पंप अशा घरातला मुलगा. पुण्याहून व्यवस्थापनाची पदवी घेऊन आलेला. तो स्टुलावर बसलाच नाही. उभ्याने फोनवर बोलत त्याने हात पुढे केला.

“पंत, सही कुठं करायची तेवढं दाखवा. बाकी आमच्या वकिलांनी बघितलंय.”

“सोळा पानं आहेत. प्रत्येकावर.”

“सोळा? बापरे. एक स्कॅन करून सगळीकडं चिकटवता येत नाही का?”

मास्तरांनी त्याला एकाहत्तर गुण दिले. शिक्षणातच तो अठ्ठावीस घेऊन गेला.

दुसरे नानासो. दोन वेळा नगरसेवक, एकदा उपनगराध्यक्ष. ते स्टुलावर असे बसत की स्टूलच बिचारे सावरून घेई. त्यांच्या शिक्षणाची एक गंमत होती. प्रत्येक निवडणुकीगणिक लोकांचे शिक्षण वाढते. नानासोंचे घटत गेले होते. पहिल्या शपथपत्रात ते बी.ए. होते, तक्रार झाल्यावर दुसऱ्यात ‘बी.ए. अपूर्ण’ झाले.

“ह्या खेपेला काय लिहू, नानासो?”

“बारावी लिवा, पंत. आन् फुडल्या खेपेला धावीवर आनू नका म्हंजी झालं.”

तेही न वाचता सही करून गेले. जाताना मास्तरांच्या तक्त्यात डोकावून म्हणाले, “मास्तर, अठ्ठावन्नच? आवं, तुमच्या वर्गात मला पस्तीसच्या वर कवा मिळालं हुतं? माझी तर प्रगतीच हाय की!” मास्तरांना हसू आवरेना.

तिसरी शालूबाई. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी ती टपरीच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा विष्णुपंतांना वाटले, कोणाचा दाखला हवा असेल.

“काका, नगराध्यक्षाचा फारम भरायचा हाय.”

“कोणाचा?”

“माझाच की. दुसरा कुनाचा?”

शालूबाई भोई गल्लीतली. वय पन्नाशीच्या आतबाहेर, शिक्षण सातवी, धंदा आठवडी बाजारात सुकी मासळी विकण्याचा. तिचा नवरा जोतिबा नदीवरचा नावाडी. पुराच्या साली जेव्हा पाणी बाजारपेठेत शिरले, तेव्हा सरकारी बोटी येईपर्यंत दीड दिवस जोतिबाची नावच काय ती गावाची होती. त्याने तीन खेपा केल्या. चौथ्या खेपेला वरच्या आळीतल्या एका म्हाताऱ्या जोडप्याला आणायला गेला, तो परतला नाही. नाव सांगलीच्या अलीकडे बाभळीत अडकलेली सापडली. माणूस सापडला नाही.

त्या दीड दिवसात आणि पुढचे नऊ दिवस शालूबाई उंचावरच्या शाळेत होती. तिथे आठशे बारा माणसे होती. कोण कोणत्या गल्लीतला, कोणाला रक्तदाबाची गोळी लागते, कोणाचे मूल कोणाकडे आहे, कोण अजून यायचा आहे, हे सगळे तिने वार्षिक परीक्षेच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहून काढले. आलेल्या माणसापुढे ती रेघ मारी. कोणी तिला नेमले नव्हते. पाणी ओसरल्यावर मदतीची सरकारी यादी करायची वेळ आली, तेव्हा साहेबांना आयती मिळालेली ती एकमेव यादी. ती टंकलिखित करायला विष्णुपंतांकडेच आली होती. सातवी शिकलेल्या बाईचे ते गोल, दाबून लिहिलेले अक्षर त्यांच्या डोळ्यांपुढून कधी गेले नाही. आठशे बारा नावांपुढे रेघा होत्या. शेवटी, आकड्याबाहेर, आणखी एक नाव होते. जोतिबा. त्याच्यापुढची जागा मोकळी होती.

“तुम्ही का उभ्या राहताय, शालूबाई?” विष्णुपंतांनी विचारले. असा प्रश्न ते कोणाला विचारीत नसत.

“पूररेषेच्या आत नवी घरं बांधाया लागल्यात, काका. परवानगी मिळतीया. गेल्या साली दोनदा अर्ज दिला, तुमीच लिवला हुता. काय झालं त्येचं? मग म्हटलं, अर्ज देनाऱ्यापरास अर्ज घेनाऱ्याच्या खुर्चीत बसावं.” आणि ती स्वतःच हसली. “लोकं हसत्यात. हसू द्यात.”

कोपऱ्यात मास्तरांनी तक्ता पुढे ओढला होता. शिक्षण : सहा. अनुभव : शून्य.

“शून्य?” विष्णुपंत त्यांच्याकडे वळले.

“कोणतंही पद भूषवलेलं नाही. नियम म्हणजे नियम.”

“आठशे बारा माणसं, मास्तर. नऊ दिवस. एकाचंही औषध चुकलं नाही. तुमच्या वर्गात हजेरीला कधी साठांच्या वर पोरं होती का?”

मास्तरांनी खोडरबराने शून्य पुसले, पेन्सिल त्या जागेवर धरली आणि काही न लिहिताच खाली ठेवली. “माझ्या तक्त्यात याला रकानाच नाही हो,” ते पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी, शेवटच्या दिवशी, सकाळी नऊलाच शालूबाई कागदांची पिशवी घेऊन आली. थकबाकी नसल्याचा दाखला, अपत्यांचे घोषणापत्र, मतदार यादीतला उतारा, सारे तिने अनुक्रमे लावून आणले होते. स्टुलावर ती बसली आणि बसण्याआधी वाकून तिने एका कागदाची घडी त्याच्या आखूड पायाखाली सरकवली. अडतीस वर्षांत असे कोणी केले नव्हते. विष्णुपंतांनी ते पाहिले, आणि त्यांच्या मनात काहीतरी हलले. ज्या निःपक्षपातावर ते जगले होते, त्याचा एक टवका त्या क्षणी उडाला. ही बाई निवडून यावी, असे त्यांना वाटले. एवढ्या वर्षांत एखाद्या अर्जाबद्दल त्यांना असे काही वाटण्याची ती पहिलीच वेळ.

रकाने भरत भरत ते शपथपत्राच्या मालमत्तेच्या तक्त्यापाशी आले. तिथे तीन उभे रकाने असतात : स्वतः, पती किंवा पत्नी, अवलंबित.

“पतीच्या रकान्यात काय लिहू?” विचारून झाल्यावर त्यांना आपल्या आवाजातला कोरडेपणा जाणवला.

शालूबाईने गळ्यातले काळे मणी बोटाने चाचपले. पंचनामा झाला होता, मृत्यूचा दाखला देऊ म्हणून तलाठी दोनदा घरी येऊन गेला होता. तिने तो घेतला नव्हता.

“आता काय लिवायचं असतं?”

“नसेल तर निरंक. किंवा... मयत, म्हणून लागू नाही.”

“तसं मी अजून कुनाला लिवून दिलेलं न्हाई, काका.” ती एवढेच म्हणाली. आवाज चढला नाही की पडला नाही.

विष्णुपंतांची बोटे कळफलकावर तशीच राहिली. चार वर्षांपूर्वी, साथीच्या दिवसांत, विनोदिनीबाई सांगलीच्या दवाखान्यात वारल्या. दाखल्याचा अर्ज लिहायला दुसरे कोण होते? घरी येऊन, आंघोळ करून, त्यांनी तो स्वतः टंकलिखित केला. ‘अर्जदाराची पत्नी मयत झाली असून’. एकही चूक झाली नाही. बोट अडखळले नाही, ओळ वाकडी गेली नाही. इतका स्वच्छ कागद त्यांनी आयुष्यात क्वचित काढला असेल, आणि त्या स्वच्छतेची त्यांना अजून शरम वाटत असे. बायको गेली, त्यापेक्षा आपला हात थरथरला नाही, याचे दुःख त्यांना अधिक जाचत आले होते.

‘पती बेपत्ता, माहिती उपलब्ध नाही,’ असे लिहिता आले असते. कायद्याला तेवढे पुरले असते. हे त्यांना तेव्हाही ठाऊक होते. पण त्यांच्या डोळ्यांपुढे उत्तरपत्रिकेच्या पाठीवरची ती मोकळी जागा आली. स्वतः तिने जी जागा इतकी वर्षे भरली नाही, ती आपण कोण भरणार? अधिकारी नव्या आहेत, शिकलेल्या आहेत, समजून घेतील. एका रकान्याने असे काय होते? ज्या युक्तिवादावर त्यांनी आयुष्यभर गिऱ्हाइकांना फटकारले, तोच त्यांनी स्वतःला, हलक्या आवाजात, ऐकवला. आणि पुढच्या रकान्यावर गेले.

कागद छापून निघाले. विष्णुपंतांनी ते शालूबाईपुढे ठेवले, सवयीने गप्प बसले.

ती वाचू लागली. उजव्या हाताची तर्जनी ओळीखाली सरकत होती, ओठ हलत होते. बाहेर गर्दी वाढली होती, दुसऱ्या दोन प्रभागांचे उमेदवार दारात चुळबुळत होते.

“मावशे, कादंबरी हाय व्हय ती?” एकजण म्हणाला.

“वाईच थांब रं. सही माझी हाय,” ती मान वर न करता म्हणाली.

सोळाच्या सोळा पाने झाली. मालमत्तेच्या तक्त्यावर तिचे बोट मधल्या रकान्यापाशी थांबले, असा विष्णुपंतांना भास झाला; मग ते पुढे गेले. तिने सह्या केल्या. पास, विष्णुपंत मनाशी म्हणाले. अडतीस वर्षांतली पाचवी.

अर्जाची मुदत दुपारी तीनपर्यंत होती. आत दालनात रेटारेटी चालली होती. पावणेतीनला शालूबाई अर्ज देऊन बाहेर आली, हातात पोच. तिच्या कपाळावरचा घाम अजून वाळला नव्हता. ती टपरीच्या दारातच उभी राहून पोच वाचू लागली.

“काका, हितं खाली कायतरी लिवलंय बगा. बारीक अक्षर हाय...”

“पोच वाचायची नसते, शालूबाई,” विष्णुपंत हसून म्हणाले आणि त्यांनी तो कागद तिच्या हातातून अलगद काढून घेतला. “दृष्ट लागते. उद्या छाननी झाली की वाचा हवी तितकी.”

कागद गणपतीमागे गेला. वीरधवल आणि नानासो यांच्या शेजारी.

छाननी दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सुरू झाली. विष्णुपंत कधी छाननीला जात नसत. त्या दिवशी गेले, आणि दाराशी उभे राहिले. वीरधवलचा अर्ज वैध. नानासोंचा वैध. शालूबाईचे नाव घेतल्याबरोबर वीरधवलचे वकील उठले. ते शांतपणे, जवळजवळ आदराने बोलले.

“शपथपत्रातील पतीचा रकाना पूर्णपणे कोरा आहे. हरकत आहे, मॅडम.”

निवडणूक निर्णय अधिकारी तरुण होत्या. त्यांनी पाने उलटली. “होय. त्रुटी काल आमच्या लक्षात आली होती. पूर्ततेची सूचना पोचेवरच लिहून दिली होती. छाननीपूर्वी सुधारित शपथपत्र द्यायचं होतं.” त्यांनी शालूबाईकडे पाहिले. “आणलंय का तुम्ही?”

शालूबाईने त्यांच्याकडे पाहिले नाही. ती वळली आणि तिने दाराकडे पाहिले. विष्णुपंतांकडे. त्या नजरेत राग असता, तर त्यांना बरे वाटले असते. तिला खरोखरच वाटत होते की काकांकडे तो कागद असेल.

विष्णुपंतांनी मान खाली घातली.

“पती आहेत की नाहीत, एवढं तरी लिहायला हवं होतं, ताई,” अधिकारी हळू आवाजात म्हणाल्या. मग नियमाच्या आवाजात : “अर्ज अवैध.”

बाहेर नानासोंनी विष्णुपंतांना गाठले. “पंत, बाई हुबी ऱ्हायली असती, तर माझी हजारभर मतं खाल्ली असती. आता तुमचं आभार मानावं का तुमाला शिव्या द्याव्या, मला कळंना झालंय.” असे म्हणून त्यांनी खांद्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही. त्यांच्याही चेहऱ्यावर हसू नव्हते.

टपरीत येऊन विष्णुपंतांनी चौकटीमागून पोच काढली. खाली, कारकुनाच्या घाईच्या अक्षरात, दोन ओळी होत्या. काल दुपारी या वाचल्या असत्या, तर संध्याकाळ होती, रात्र होती, सकाळचे दोन तास होते. एक पान पुरले असते.

शालूबाई मागोमाग आली. मास्तर उठून उभे राहिले.

“जिल्हा न्यायालयात अपील करता येतं. आज सांगलीला गेलो, तर...”

“कोर्टात काय सांगू, मास्तर?” ती म्हणाली. “नवरा हाय का न्हाई, ते जजसायबास्नी ठरवाया लावू?”

मास्तर बसले. लोकांच्या वतीने क्षमायाचनेचे शेकडो अर्ज लिहिलेल्या माणसाला स्वतःसाठी एक ओळ सापडेना.

“शालूबाई, ती जागा... मी मुद्दाम...”

“मी बगितली हुती की ती जागा,” ती म्हणाली. “वाचताना दिसली. थांबले बी हुते. मग म्हटलं, काकांनी सोडलीया म्हंजी सोडायची असंल.”

एवढे बोलून ती गेली. स्टुलाखाली तिने ठेवलेली कागदाची घडी तशीच होती.

विष्णुपंतांनी त्या दिवशी दुपारीच टपरी बंद केली. घरी जाऊन ते बराच वेळ बसून राहिले. आपली कसोटी त्यांनी पुन्हापुन्हा उलटून पाहिली. जी एकटी खरोखर वाचणारी होती, तिने न समजलेल्या जागेवर सही केली, ती आपल्या भरवशावर. आणि ज्यांनी काहीही वाचले नाही, ते दोघे सुखरूप पार झाले, तेही आपल्याच भरवशावर. मग ते जोखत काय होते इतकी वर्षे? समोरच्याची लायकी शोधताना टेबलाच्या या बाजूला बसलेल्या माणसाला कोणी कधी काही विचारलेच नव्हते.

मतदानाच्या दिवशी ते केंद्रावर गेले. रांगेत मास्तर पुढे होते. या खेपेला त्यांच्या खिशात तक्ता नव्हता. विष्णुपंत यंत्रापुढे उभे राहिले, दोन नावे आणि त्यांखालची ‘वरीलपैकी कोणीही नाही’ ही ओळ त्यांनी वाचली. कोणते बटण दाबले ते त्यांनी कोणालाच सांगितले नाही. निकाल लागला. नानासो चारशे मतांनी निवडून आले. शिक्षण बारावी. पूररेषेच्या आतली बांधकामे थांबली नाहीत. मिरवणुकीतले निम्मे ट्रॅक्टर त्याच बांधकामांचे होते.

जानेवारीच्या एका सकाळी शालूबाई पुन्हा टपरीच्या दारात आली. अंगावर हिरवे लुगडे होते, पिशवी तीच होती.

“काका, अर्ज लिवायचा हाय.”

“कसला?”

“मालकांच्या दाखल्याचा.”

विष्णुपंतांना आधी अर्थ लागला नाही. लागला, तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“कशाला, शालूबाई? इतकी वर्षं...”

“पाच वर्सांनी परत हुबं ऱ्हायचं म्हनतीय. तवा जागा कोरी नको.” ती बसली. स्टूल डुगडुगले नाही. “आत्ता लिवलं न्हाई, तर तवाबी लिवनं व्हनार न्हाई.”

“शेजारचा लिहील. चौथ्या टपरीतला. चांगला आहे. माझ्याकडून...”

“तुमीच लिवा,” ती म्हणाली. त्यात क्षमा होती की शिक्षा, हे विष्णुपंतांना ओळखता आले नाही, आणि विचारण्याचा धीर झाला नाही.

ते लिहू लागले. ‘अर्जदाराचे पती जोतिबा’ इथपर्यंत नीट झाले. पुढच्या शब्दात ‘य’ आणि ‘त’ यांची जागा बदलली. पुसून पुन्हा लिहिले, तर वर्ष चुकले. पहिली प्रत छापून निघाली, तिच्यात गल्लीचे नाव दुसरेच पडले होते. ती त्यांनी फाडली. दुसरीत अर्जदाराच्या जागी स्वतःचे नाव आले. बाहेर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, त्यांचा आवाज येत राहिला. तिसऱ्या प्रतीला कागद बरोबर निघाला.

तिने तो वाचला. तर्जनी ओळीखालून सरकत गेली. एका शब्दाखाली ती थांबली आणि इतका वेळ थांबली की मास्तरांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले. मग बोट पुढे सरकले, ओळीच्या शेवटी गेले, आणि तिने सही केली.

अर्ध्या तासाने ती कचेरीतून परत आली. हातात पोच. विष्णुपंतांचा हात सवयीने गणपतीच्या चौकटीकडे निघाला आणि वाटेतच थांबला. त्यांनी चष्मा लावला, पोच घेतली, आणि मोठ्याने वाचली. आवक क्रमांक, दिनांक, विषय, सोबतच्या कागदांची संख्या, कारकुनाची आद्याक्षरे. खाली बारीक अक्षरात काही नव्हते. त्यांनी मागची बाजूही पाहिली.

“सगळं ठीक आहे, शालूबाई.”

“द्या हिकडं,” ती म्हणाली.

तिने पोच त्यांच्या हातातून घेतली, स्टूल उजेडाकडे ओढले, आणि तर्जनी पहिल्या ओळीखाली ठेवून ती स्वतः वाचू लागली. विष्णुपंत हात मांडीवर ठेवून, तिचे वाचून होईपर्यंत थांबले.